उभ्या दुकानाची दिवाळी

दिवाळी म्हटली की लोकांना फराळ आठवतो, किल्ले आठवतात, उटण्याचा वास आठवतो. मला अण्णांचे पाय आठवतात. सुजलेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा तटतटलेल्या, पितळी परातीत मिठाच्या गरम पाण्यात सोडलेले. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत अण्णा दुकानातून आले की ती परात बाहेरच्या खोलीत मधोमध यायची. अण्णा भिंतीला टेकून, डोळे मिटून, "पन्हा मोठा आहे बाई... रंग जायचा नाही..." असलं काहीबाही पुटपुटत बसायचे. आई म्हणायची, बोलू नका गं त्यांच्याशी, ते अजून दुकानातच आहेत. आज माझं वय अण्णांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेलं. गुडघे गेले, डॉक्टर म्हणतात जिना चढू नका, सुना म्हणतात फराळ विकत आणू. आणा बाई, मी कुठं नाही म्हणते? पण 'मी थकले' हा शब्द माझ्या तोंडातून सहजी निघत नाही. थकणं कशाला म्हणतात ते मी लहानपणी परातीशेजारी बसून पाहिलं आहे.

अण्णा नगरच्या कापड बाजारात एका मोठ्या दुकानात सेल्समन होते. गावाचं नाव आता बदललं, एसटीच्या पाट्याही बदलल्या. मी म्हातारी बाई, माझ्या तोंडात नगर बसलंय ते काही आता उठायचं नाही. दुकानाला चांगलं पितळी अक्षरातलं इंग्रजी नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळा जिल्हा त्याला 'उभं दुकान' म्हणायचा. बाजारातली बाकीची दुकानं गादीची. पांढऱ्या चादरीवर शेठ बसलेला, नोकर बसलेले, गिऱ्हाईकही पायताण खाली काढून वर मांडी घालून बसायचं, चहा प्यायचं, लग्नाचा अख्खा बस्ता बसल्या जागी बांधून व्हायचा. हे एक दुकान तेवढं कुणा जुन्या शेठनं कॅम्पातल्या मडमांसाठी विलायती पद्धतीनं बांधलं होतं. खाली लांबच लांब सागवानी काउंटर, त्यामागं उभे नोकर. वर लाकडी कठड्याची माडी, तिथं ट्रंका, भांडी, खेळणी. जिन्याखाली साबण-पावडर आणि बूट. गोरे गेले, मडमा गेल्या, त्यांची पद्धत मात्र आमच्या अण्णांच्या पायाशी राहिली. दुकान उघडं असेतो नोकरानं बसायचं नाही. काउंटरमागं साधं स्टूल नव्हतं. अण्णा मिरजगावाकडचे, घरी बोलताना 'लई' आणि 'न्हाई' सुटायचं त्यांच्या तोंडून, पण काउंटरमागं उभे राहिले की पुण्याच्या मास्तरासारखे शुद्ध बोलायचे. लहानपणी मला वाटायचं, उभं राहिलं की माणूस शुद्ध बोलतो.

दिवाळीत त्या दुकानाचा थाट काही निराळाच. आठ-दहा दिवस आधी दर्शनी काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवायचे आणि आत देखाव्याचं काम चालायचं. शाळा सुटली की आम्ही पोरी कागदाच्या फटीतून डोकवायला जायचो आणि आतून कुणीतरी हाकलायचं. वसुबारसेला संध्याकाळी शेठच्या म्हाताऱ्या आई यायच्या, उंबऱ्यावर पणती ठेवायच्या आणि मग कागद उतरायचे. एका वर्षी आत कागदाच्या लगद्याची गाय आणि वासरू होतं आणि पंख्याच्या मोटरवर गाय मान हलवून वासराला चाटायची. सोनईची एक बाई तिच्यासमोर काचेवर हळदकुंकू वाहून गेली म्हणतात. खेड्यापाड्यांतून माणसं एसटीनं, ट्रकनं यायची, भाकरीचं गाठोडं घेऊन, दिवसभराच्या तयारीनं. दारात गुलाबपाणी शिंपडायचे. बाईला कुंकू लावायचे, पोराच्या हातात फुलबाज्यांचं पाकीट द्यायचे, मग त्या पोरानं बापाच्या धोतराला धरून भोकाड पसरलं तरी त्याला माडीवरची आगगाडी बघू द्यायचे. आणि दिवाळीपुरत्या वखारीतून वेताच्या खुर्च्या निघायच्या. त्या गिऱ्हाइकासाठी. जन्मात खुर्चीत न बसलेली म्हातारी त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि अण्णा तिच्यापुढं लुगड्यांवर लुगडी उलगडायचे. पुढं महिनाभरानं त्याच काचेत नाताळची चांदणी लागायची, मिशन कंपाउंडातले मास्तर, नर्सबाया पोरांना घेऊन यायच्या, तेच दिवे, तेच गुलाबपाणी. अण्णा म्हणायचे, सण बदलला तरी पाय तेच.

फराळ आमच्या घरचा. म्हणजे दुकानात गिऱ्हाइकापुढं बशीत जो चिवडा आणि शंकरपाळे यायचे, ते आई करायची. शेठकडून पोह्यांची पोती, साखर, तेलाचा डबा यायचा आणि आमच्या दोन खोल्यांचा आचाऱ्याचा तंबू व्हायचा. आई चुलीपुढून उठायची नाही, अक्का लाटायची, मी कातण्यानं शंकरपाळे कापायची. तेलाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, केसांना वास, पांघरुणाला वास. आणि एवढं करून आम्हाला त्यातला दाणा खायची बंदी. गिऱ्हाइकाआधी खायचं नाही, अण्णा म्हणायचे, जसा काही देवाचा नैवेद्यच. आमच्यासाठी वेगळं काही करायची ताकद आईत उरायची नाही. नरकचतुर्दशीला पहाटे आई अण्णांना तेल लावायला बसायची तर ते पाटावर बसल्या बसल्या झोपी जायचे. मान एकदम खाली पडली की आम्ही हसायचो आणि आई आम्हाला डोळे वटारायची. आमची खरी दिवाळी तुळशीच्या लग्नाला, उरल्यासुरल्या चिवड्यावर. मैत्रिणी विचारायच्या तुमच्याकडं काय काय केलं, तर मी खोटं सांगायची, आणि चांगलं ठोकून सांगायची.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शकुंतला. तिचं लग्न त्या काउंटरवरच जमलं. राहात्याकडचे एक बागाईतदार, त्यांना सगळे आबा म्हणत, दर पाडव्याला मुहूर्ताची खरेदी उभ्या दुकानातच करायचे. घरच्यांना कपडे, गड्यांना धोतरं, सगळं एकाच वेळी. त्यांना दाखवायला अण्णाच लागायचे, दुसरा नोकर पुढं आला तर म्हणायचे, तुम्ही राहू द्या, आमचे अण्णा कुठंयत? एका पाडव्याला सुटाचं कापड बघता बघता त्यांनी विचारलं, अण्णा, घरात लगनाची पोरगी हाय का? अण्णांना वाटलं शालू दाखवायचा आहे. असं ते आबांच्या मुलाशी जमलं. हुंडा नाही, मानपान नाही. आईनं तर गुळाचा खडा ठेवून देवाला हात जोडले. पण लग्नात व्याहीभेट झाली तेव्हाच मला काहीतरी टोचलं. आबांनी कडकडून मिठी मारली आणि सुटताबरोबर अण्णा दोन पावलं मागं सरून, हात पोटाशी धरून, किंचित वाकून उभे राहिले. अगदी काउंटरमागं राहायचे तसे. व्याह्यांच्या पंगतीत लोकांनी त्यांना दंडाला धरून बसवलं, तर दोन घास खाल्ले आणि उठून जिलबीचं ताट घेऊन आग्रह करायला लागले. आबांसमोर त्यांना बसताच येईना.

पहिल्या दिवाळीला अक्का माहेरी आली ती हडकून. कुणी मारत नव्हतं, जाचत नव्हतं. आबा स्वतः तर तिला 'पोरी' शिवाय हाक मारायचे नाहीत. पण बायकांचा टोमणा बारीक असतो, रक्त दिसत नाही. दुपारी कामं आटोपून ही जरा टेकली की मोठी जाऊ म्हणायची, "बसलीस व्हय? तुमच्यात बसत्यात का?" आणि ओसरीवर हसू पिकायचं. लग्नातली अण्णांची नक्कल एक चुलत दीर हात पोटाशी धरून करून दाखवायचा. 'उभ्या दुकानाची पोरगी' हेच तिचं नाव पडलं होतं. हे तिनं आईला सांगितलं चिवडा परतताना, तोंड फिरवून. मी ऐकलं. आई म्हणाली, हसतात तर हसू दे, दात त्यांचे. आईकडं या असल्या म्हणी भरपूर होत्या, इलाज एकही नव्हता. वसुबारसेला अण्णा परातीत पाय सोडून बसले तेव्हा अक्का त्यांच्यापुढं येऊन बसली.

"अण्णा, मला साडी नको, काही नको," ती म्हणाली. "पाडव्याला मामंजी जेवायला येतील तेव्हा त्यांच्या शेजारी पाटावर बसा. त्यांचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही. एवढं एकच मागते."

अण्णांनी डोळे उघडले. बसेन की, म्हणाले, त्यात काय, माणूस बसतोच जेवायला. मग पुन्हा डोळे मिटले. पण परातीतलं पाणी गार झालं तरी त्यांनी पाय काढले नाहीत, त्यावरून मला कळलं की ते मनातल्या मनात बसून बघताहेत.

ते वर्ष दुष्काळाचं. त्याआधीचंही कोरडंच गेलं होतं, पण हे म्हणजे अगदी कंबरडं मोडणारं. खेडी ओस पडून माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, नळाला दिवसाआड पाणी. बाजारात दिवाळी आली म्हणून कुणाला पत्ता नव्हता. दुकानानं तरी पद्धत सोडली नाही. काचेला कागद लागले आणि उतरले, आत फक्त एक समई आणि चार साड्या. वखारीतून वेताच्या खुर्च्या निघाल्या, धुतल्या, मांडल्या, आणि रिकाम्या राहिल्या. मी चिवड्याचा डबा घेऊन गेले तर अण्णा काउंटरमागं उभे. समोर कुणी नाही. मी म्हटलं, अण्णा, बसा ना जरा, कोण बघतंय? ते म्हणाले, दुकान उघडं आहे बेबी. गर्दीत दिवसभर उभं राहून माणूस दमतो हे मला ठाऊक होतं. कुणीच नसताना उभं राहून तो जास्त दमतो हे त्या दिवशी पाहिलं. शेठनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दिवाळी होऊ द्या, मग बघू कुणाला ठेवायचं. सगळ्यांची भिस्त पाडव्यावर, आणि पाडव्याची भिस्त आबांवर. त्यांच्याकडं कॅनॉलचं थोडंफार पाणी होतं, ऊस उभा होता. शेठ रोज विचारायचे, अण्णा, तुमचे व्याही येणार ना?

पाडव्याला दुपारी आबा आले, जीपनं, सोबत जावईबापू. आधी जेवण, मग तिथूनच दुकानात खरेदीला, असं ठरलं होतं. अण्णांना शेठनं जेवणापुरती सुट्टी दिली होती. आईनं कुठून कुठून डाळ-गूळ मिळवून पुरणपोळी केलेली, कटाची आमटी, कुरडया, भजी. आतल्या खोलीत तीन पाट मांडले, रांगोळी काढली. तिन्ही पाट अक्कानं स्वतः मांडले, आबांच्या शेजारचा पाट दोनदा सरकवून बघितला. आणि अण्णा बसले. खरंच बसले. गुडघे मुडपत नव्हते म्हणून जरा तिरके, पण बसले. मी आईकडं पाहिलं, आईनं पदरानं घाम टिपला. अक्का तुपाची वाटी घेऊन वाढायला वाकली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तजेला दिसला. जावईबापू मुकाट जेवत होते. आबा पावसाचं बोलत होते, कारखान्याचं बोलत होते, अण्णा हो-हो करत होते, पोळी चिवडत होते. सगळं नीट चाललं होतं.

आमच्या त्या खोलीत भिंतीला उंच फळी होती आणि तिच्यावर लोणच्याच्या बरण्या. बोलता बोलता आबांनी मान वर केली, बोट उचललं आणि इतकी वर्षं काउंटरपलीकडून ज्या आवाजात म्हणत आले होते त्याच आवाजात म्हणाले, "अण्णा, ते वरचं काढा बघू."

झालं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अण्णा उभे होते. हात धुतले नाहीत, कुणाला सांगितलं नाही, बरणी काढली, पंच्यानं पुसली, दोन्ही हातांनी आबांपुढं धरली आणि म्हणाले, "हे घरचंच आहे साहेब. दुसरं दाखवू?"

आबांनी हसून मान हलवली. त्यांच्या मनात काही नव्हतं हो, आजही शपथेवर सांगते. दोघांना आपण काय बोललो याची शुद्धच नव्हती. पण जावईबापूंना हसू फुटलं, ठसका लागला, आणि मग अण्णांना उमगलं आपण कुठं आहोत. त्यांचा चेहरा असा झाला की मला भूमी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. परत बसावं की नाही तेही त्यांना सुचेना. ते दोन पावलं मागं सरले. हात पोटाशी गेले.

अक्कानं तुपाची वाटी खाली ठेवली. पदर डोक्यावर सारखा केला. आणि सरळ जाऊन अण्णांच्या रिकाम्या पाटावर, सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसली. त्या काळात सून सासऱ्यासमोर नुसती खाली बसायची नाही, पंगतीत शेजारी तर सोडाच. "शके, ऊठ," आई म्हणाली.

अक्का उठली नाही. अण्णांचं उष्टं ताट पुढं ओढलं आणि खाली मान घालून म्हणाली, "मामंजी, माझ्या माहेरचं एक माणूस तुमच्या शेजारी बसलेलं मला बघायचं होतं. अण्णांना जमत नाही. म्हणून मी बसले."

जावईबापूंचं हसू जिथल्या तिथं विरलं. आबांचा घास हातात राहिला. त्यांनी आधी सुनेकडं पाहिलं. मग वर, अण्णांकडं पाहिलं. आणि मग त्यांची नजर हळूहळू खाली आली ती अण्णांच्या पायांवर. इतक्या वर्षांत आबांनी अण्णांचे पाय असे कधी पाहिलेच नव्हते. काउंटरच्या आड गिऱ्हाइकाला माणूस कमरेपासून वर दिसतो, आणि लग्नात धोतर घोट्यापर्यंत होतं. आता ते पाटावर बसता यावं म्हणून गुडघ्यापर्यंत खोचलेलं. आणि खाली ते दोन सुजके, निळे, घोट्याची हाडं न दिसणारे पाय. आबा बराच वेळ बघत राहिले. बघता बघता त्यांचे डोळे भरले, आणि तो रांगडा माणूस ते पुसायलाही लाजला नाही.

"पोरी, जेव तू. हाय तिथंच बस," ते म्हणाले. मग हातातला घास ताटात ठेवला, आपल्या खालचा पाट काढून पलीकडच्या अंगाला सरकवला आणि स्वतः जमिनीवर बसले. "व्याही, तुमी हितं या. तुमी बसल्याबिगर म्या जेवत न्हाई."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी अण्णांना व्याही म्हटलं होतं. अण्णा लगेच बसले नाहीत. पोळ्या गार होतील, तुम्ही घ्या, असं काहीतरी म्हणाले. पण आबा जेवेनात. शेवटी अण्णा बसले, पाय पुढं पसरून, कारण दुसरं जमतच नव्हतं. आईनं वाढलं. चौघं जेवले. अक्का एकीकडं रडत होती आणि एकीकडं पुरणपोळी खात होती. पुढं सासरी तिचे टोमणे एकदम थांबले असं मी म्हणणार नाही. जावा त्या जावाच. पण आबा ओसरीवर असले की कुणाची टाप नव्हती, आणि तो नकला करणारा दीर त्यांच्यासमोरून बाजूनं जायला लागला. अक्का आता नाही. तिनं त्या घरात पुष्कळ सोसलं आणि पुष्कळ हुकूमतही गाजवली.

हात धुतल्यावर आबांनी मुलाला सांगितलं, जीप काढ, घरला जायचं. जावईबापू म्हणाले, दुकानात जायचंय ना? आबा म्हणाले, न्हाई, आता त्या दुकानात आपून जायचं न्हाई. आमच्या व्याह्यांनी आमाला उभं राहून कापड दाखवायचं व्हय? एवढं बोलून ते निघाले. आईला आधी आनंदच झाला. मग शेठ आठवले आणि ती मटकन खाली बसली.

अण्णांनी टोपी घातली. चिवड्याचा दुसरा डबा पोचवायचा होता म्हणून मी बरोबर निघाले. दुकानात शेठ दारातच उभे होते. आत एका खुर्चीवर नवी गादी टाकून ठेवलेली, पेढ्यांची बशी तयार. त्यांनी अण्णांच्या मागं पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. आबा कुठंयत, म्हणाले, जीप लावताहेत का?

"ते यायचे नाहीत, शेठ," अण्णा म्हणाले.

शेठचा चेहरा पडला. अशा वर्षात, म्हणाले, असलं गिऱ्हाईक तुम्ही हातचं घालवलंत? मी डबा छातीशी धरून उभी होते, मला वाटलं आता अण्णा वाकतील, हात पोटाशी जातील, माफी मागतील. ते वाकले नाहीत.

"ते आता गिऱ्हाईक राहिले नाहीत, शेठ," ते म्हणाले. "ते माझे व्याही आहेत. आज आम्ही शेजारी बसून जेवलो."

आणि काउंटरची फळी उचलून आत गेले, आपल्या जागेवर उभे राहिले.